झोप पुन्हा पुन्हा बिघडते? गोळीच्या आधी हे तपासा

गेली १९ वर्षं मी शिफ्टमध्ये मेंटेनन्सचं काम करतोय. पंप, पॅनल, जनरेटर, लिफ्ट, सगळं. राहायला भांडुपला, काम कांजूरमार्गच्या एका ऑफिस-संकुलात. शिफ्ट दर आठवड्याला बदलते: फर्स्ट, सेकंड, नाइट. म्हणजे दर तीन आठवड्यांनी माझी झोप एकदा मोडते आणि ती मलाच जाग्यावर आणावी लागते. हिशेब केला तर आजवर तीनशेच्या वर वेळा. शिवाय बायकोची, मेहुण्याची, शेजारच्या काकूंची आणि खात्यातल्या निम्म्या पोरांची. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही, वायरमन आहे. पण फॉल्ट शोधायची शिस्त दोन्हीकडे सारखीच लागते.

लक्षणं

"झोप येत नाही" ही तक्रार म्हणजे "लाइट गेली" म्हणण्यासारखी आहे. घरातली गेली, मजल्यावरची गेली की अख्ख्या बिल्डिंगची, हे विचारल्याशिवाय शिडी उचलायची नसते. तेव्हा तुमची तऱ्हा कुठली ते बघा.

अंग मोडून आलंय, पण पाठ टेकली की डोकं सुरू होतं. किंवा दहाला पडल्या पडल्या झोप लागते आणि तीनला डोळा टक्क उघडतो. किंवा दोनपर्यंत काही केल्या झोप नाही, पण एकदा लागली की नऊपर्यंत ढोल वाजवले तरी जाग नाही. (ही तिसरी तऱ्हा कॉलेजच्या पोरांत जास्त. आईबाप त्याला आळस म्हणतात, बहुतेक वेळा तो टायमर मागे पडलेला असतो.) किंवा आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, आणि गाडीत उभ्या उभ्या डुलकी. शेवटची आमची, नाइटवाल्यांची: सकाळी आठला पडतो, बाराला जाग येते, मग संध्याकाळपर्यंत नुसता कूस बदलतो.

यातली चौथी तऱ्हा असेल, म्हणजे झोप पुरेशी होऊनही थकवा, तर मधलं सगळं सोडून थेट "इथे थांबा" या भागाकडे जा. बाकीच्यांनी क्रमाने या.

आत काय आहे

एवढा भाग वाचाच, नाहीतर पुढच्या तपासण्या आजीच्या बटव्यासारख्या वाटतील.

झ्युरिकचे झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलं की झोप दोन वेगवेगळ्या यंत्रणा मिळून ठरवतात. माझ्या भाषेत एक टाकी आणि एक टायमर.

टाकी अ‍ॅडेनोसीनची. पेशी दिवसभर एटीपी नावाचं इंधन खर्च करतात, त्यातून अ‍ॅडेनोसीन उरतं. जागेपणी ते मेंदूत साठत जातं आणि पेशींवरच्या ठरावीक जागांवर बसून त्यांना मंद करतं. जितका वेळ जागे, तितकी टाकी भरलेली, तितकी झोपेची ओढ जास्त. झोपलं की टाकी उपसली जाते.

टायमर मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या बरोबर वर सुमारे २०,००० पेशींचा एक ठिपका आहे. तो टाकीकडे बघत नाही, स्वतःच्या लयीत चालतो. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक झाड, बहुधा लाजाळूच, अंधारात ठेवून बघितलं, तर ऊन नसतानाही पानं दिवसा उघडत होती आणि रात्री मिटत होती. आपलंही तसंच. फक्त माणसाचा हा टायमर सरासरी २४ तासांपेक्षा दहा-बारा मिनिटं लांब चालतो, म्हणून त्याला रोज सेट करावं लागतं, आणि ते काम उजेड करतो. अंधार पडल्यावर टायमर पिनियल नावाच्या तांदळाएवढ्या ग्रंथीला सिग्नल देतो आणि ती मेलाटोनिन सोडते. मेलाटोनिन झोप आणत नाही, "रात्र झाली" अशी दवंडी पिटतं. पहाटेकडे कॉर्टिसॉल चढायला लागतं, ती उठायची तयारी.

तिसरा भाग चेंजओव्हर. जनरेटर असलेल्या प्रत्येक बिल्डिंगमध्ये हा स्विच असतो: एकतर मेन्स, नाहीतर जनरेटर, दोन्ही एकदम कधीच नाही. मेंदूतही अगदी तसंच इंटरलॉक आहे. झोपेच्या बाजूच्या पेशी गाबा नावाचं रसायन सोडून जागेपणाच्या पेशींना गप्प करतात. जागेपणाच्या बाजूला हिस्टामिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन, सेरोटोनिन ही मंडळी, आणि ती चालू असली की झोपेच्या पेशींना दाबून ठेवतात. सर्दीची जुनी गोळी घेतल्यावर पेंग का येते? ती मेंदूतलं हिस्टामिन अडवते म्हणून. ओरेक्सिन नावाचं एक रसायन हा स्विच जागेपणाकडे घट्ट धरून ठेवतं. ज्यांच्या मेंदूत ओरेक्सिनच्या पेशी नष्ट होतात त्यांचा स्विच दिवसाढवळ्या आपोआप पडतो. त्या आजाराला नार्कोलेप्सी म्हणतात.

म्हणजे प्रश्न तीनच: टाकी भरली नाही, टायमर चुकला, की चेंजओव्हर अडकला?

तपासणी एक: वही (खर्च शून्य)

आठ दिवस लिहून ठेवा. अंथरुणात कधी गेलो, अंदाजे झोप कधी लागली, रात्री किती वेळा उठलो, सकाळी कधी उठलो, चहा किती आणि शेवटचा कधी, दिवसा डुलकी कुठे. मनगटावरच्या पट्टीचे आकडे नकोत, ती गाढ झोप-हलकी झोप अंदाजाने सांगते आणि लोक सकाळी उठून तिच्यावरच नाराज होतात. निम्म्या केसेस या वहीतच सुटतात.

तपासणी दोन: चहा

चहा टाकी रिकामी करत नाही, लेव्हल दाखवणारा काटा अडकवतो. अ‍ॅडेनोसीन ज्या जागांवर बसतं तिथे कॅफीन आधीच जाऊन बसतं. टाकी भरतच असते, तुम्हाला दिसत नाही इतकंच. कॅफीन उतरलं की सगळं एकदम अंगावर येतं.

रक्तातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात, काहींना ३, काहींना ७. पूर्ण कपभर चहात ३० ते ५० मिलिग्रॅम, फिल्टर कॉफीत त्याच्या दुप्पट. संध्याकाळी सहाला दोन कप घेतले तर रात्री अकराला एक कप नुकताच प्यायल्यासारखं असतं. "मला चहाने काही होत नाही, मी पिऊन झोपतो" म्हणणारे भेटतातच. झोप लागते त्यांना, पण गाढ झोप कमी होते, आणि मग सकाळी तीन कप लागतात.

दुपारी दोननंतर चहा बंद, दहा दिवस. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखेल, ते अपेक्षित आहे. ऑफिसात कटिंगला नाही म्हणणं कठीण असेल तर सोबत जा आणि लिंबूपाणी घ्या. टपरीवर उभं राहायला चहाच लागतो असं नाही.

तपासणी तीन: गाडीतली डुलकी

मुंबईचा खास फॉल्ट आहे हा, आणि डॉक्टरही याबद्दल क्वचित विचारतात. माझा मेहुणा फोर्टात कामाला. सात चाळीसची स्लो सीएसएमटीहून पकडतो, कारण तिथे विंडो मिळते. भायखळ्याला मान पडली की मुलुंडला शेजारचा उठवतो. पाऊण तास. वर रात्री बारापर्यंत झोप नाही म्हणून रडगाणं.

दिवसभर भरलेली टाकी तो संध्याकाळी पाऊण तास उपसत होता. मग रात्री अकराला ओढ कुठून येणार? त्याला म्हटलं, भाऊजी, महिनाभर फास्ट पकडा, ठाण्याला उतरून एक स्टेशन मागे या. फास्टला उभं राहावं लागतं, मान पडायचा प्रश्नच नाही. माझ्यावर चार दिवस चिडला. पाचव्या दिवशी साडेदहाला झोपला.

डुलकी हवीच असेल तर दुपारी तीनच्या आत, वीस मिनिटं. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात तर गाढ झोपेत शिराल आणि उठल्यावर आपण कुठे आहोत तेच कळणार नाही.

तपासणी चार: उजेड

इथे थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण टायमरचा फॉल्ट सगळ्यात जास्त सापडतो आणि सगळ्यात कमी शोधला जातो.

डोळ्याच्या पडद्यात बघायच्या पेशींशिवाय आणखी एक जात आहे. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं द्रव्य असतं. त्यांना चेहरे-रंग-अक्षरांशी देणंघेणं नाही, फक्त किती उजेड आहे ते मोजतात आणि टायमरला कळवतात. निळसर उजेड त्यांना जास्त जाणवतो. सकाळचा उजेड मिळाला की टायमर पुढे सरकतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते. रात्रीचा उजेड त्याला मागे ढकलतो.

आता आपलं घर बघा. खाली दुकान, समोर टॉवर, मधे हात लांबवला तर लागेल एवढं अंतर. दिवसा ट्यूबलाइटशिवाय पेपर वाचता येत नाही. आमच्या घरात मी उजेड मोजायचं लक्समीटर नेऊन मोजलं होतं (ऑफिसातलं, परत ठेवलं): ट्यूबखाली दोनशे लक्सच्या आत-बाहेर. तेच मीटर जुलैत, आभाळ गच्च भरलेलं असताना, गच्चीवर पाच हजारांच्या पुढे गेलं. भर उन्हात बाहेर लाखापर्यंत जातं. आपल्या डोळ्यांना फरक एवढा वाटत नाही, कारण बुबुळं जुळवून घेतात. टायमरला मात्र घरात बसून सकाळ झालीच नाही असं वाटतं. आणि रात्री अकराला तोंडापुढे मोबाइल.

दुरुस्ती अशी: उठल्यापासून तासाभरात वीस-तीस मिनिटं आकाशाखाली. दूध आणायला जा, गच्चीवर दात घासा, स्टेशनला रिक्षाऐवजी चालत जा. पावसाळ्यात छत्रीखाली चाललं तरी काम होतं, खिडकीत बसून तितकं होत नाही. संध्याकाळी नऊनंतर ट्यूब बंद, पिवळा छोटा दिवा चालू. मोबाइलचा ब्राइटनेस खाली. माझा अनुभव मात्र असा की मोबाइलच्या उजेडापेक्षा त्यातली भांडणं जास्त जागवतात. सोसायटीचा ग्रुप रात्री उघडू नका.

टायमर एका दिवसात साधारण तासभरच हलतो. दोनला झोपणारा उद्यापासून दहाला झोपायचं ठरवेल तर चार तास छताकडे बघत बसेल आणि "उपाय लागू पडत नाही" म्हणेल. उठायची वेळ आधी बांधा, रविवारसकट. झोपायची वेळ मागोमाग येते.

तपासणी पाच: गरमी

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान खाली यायला लागतं, पहाटेपर्यंत सुमारे एक अंश उतरतं. ही उष्णता हातापायांच्या कातडीतून बाहेर टाकली जाते. म्हणून तळपाय झाकून घामाघूम झोपणारा तासातासाने उठतो. आपल्याकडे ऑक्टोबरात आणि मे महिन्यात हवेतच इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम थंडावा देत नाही.

एसी नसेल तर झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ. गार नाही, कोमट. कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि आतली उष्णता बाहेर पडते. पंखा अंगावर, पाय उघडे. फॅनचा कपॅसिटर कमजोर झाला असेल तर पाचवर ठेवूनही तो दोनसारखा फिरतो. वायरमनला बोलवा, स्वस्तातलं काम आहे, आणि मी त्याने झोप सुधारलेली दोन घरं बघितली आहेत.

तपासणी सहा: रात्रीची दारू

थोडक्यात. दारू गाबाच्या बाजूने ढकलते म्हणून पटकन झोप लागते. पण ती उतरते रात्रीच्या मध्यावर, आणि मग जागेपणाची बाजू उसळी मारते. शनिवारी तीनला जाग, तोंड कोरडं, छातीत धडधड: हाच तो. "दोन घेतल्याशिवाय झोपच येत नाही" इथवर आला असाल तर एकदम सोडू नका, रोज पिणाऱ्याने अचानक थांबवणं धोक्याचं असतं. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली.

तपासणी सात: अंथरूण (सगळ्यात अवघड)

वरचं सगळं तपासलं, टाकी ठीक, टायमर ठीक, तरी पाठ टेकली की डोकं सुरू. म्हणजे चेंजओव्हर जागेपणाकडे अडकलाय. अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा, असं मेंदू शिकून बसलाय.

वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठा. घड्याळ न बघता. मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या. लागेल तितक्या वेळा. एका खोलीच्या घरात जायचं कुठे, हा प्रश्न खरा आहे. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी एक स्टूल आहे. पहिल्या आठवड्यात रोज रात्री त्या स्टुलावर बसून मी शेंगा सोलायचो. सौ. म्हणायची, "अहो, निदान आवाज तरी कमी करा." किलोभर शेंगा झाल्या, मग झोप लागायला लागली.

दुसरी युक्ती वहीवरून. आठ तास पडून राहता आणि प्रत्यक्ष झोप साडेपाच तास असेल, तर पंधरा दिवस अंथरुणात फक्त सहा तास. रात्री बारा ते सकाळी सहा, बस. टाकी काठोकाठ भरते आणि झोप सलग लागते, मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत न्या. साडेपाच तासांच्या खाली कधीच नाही. फिट येणारे, मनाच्या आजारात तेजी-मंदी असणारे, आणि गाडी किंवा क्रेन चालवणारे यांनी हे स्वतःच्या डोक्याने अजिबात करू नये.

नाइटवाल्यांसाठी

पहाटे चार-साडेचारला शरीराचं तापमान तळाला असतं, टाकी भरलेली, टायमर सांगतोय रात्र आहे. अशाच वेळी एकदा मला तीन नंबरच्या पंपाचं आयसोलेशन घ्यायचं होतं, म्हणजे कामाआधी त्याची वीज तोडायची होती, आणि मी चारचा ब्रेकर पाडला. टॅग वाचला होता, मोठ्याने वाचला होता, तरी हात चारवर गेला. कुणाला इजा झाली नाही. तेव्हापासून साडेतीन ते पाच पॅनलला एकट्याने हात लावत नाही.

शिफ्टच्या आधी संध्याकाळी दीड तास झोपा. चहा शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात, दोननंतर नाही. सकाळी सुटल्यावर काळा गॉगल, नाहीतर स्टेशनपर्यंतचं ऊनच टायमरला "सकाळ झाली" सांगतं. बाइकवर असाल तर मात्र गॉगल नको आणि पेंगत चालवूही नका, लोकलने जा. घरी खिडकीला काळा कागद. बेलची वायर मी स्विचवर घेतलीय, झोपताना बंद करतो. भंगारवाला, कुरिअर आणि गॅसवाला यांनी दारावर हाताने वाजवावं. कुकरच्या शिट्टीवर उपाय सापडलेला नाही.

शिफ्टचा क्रम तुमच्या हातात असेल तर फर्स्ट, सेकंड, नाइट असाच पुढे सरकवा. उलटा क्रम शरीराला जड जातो, कारण आपला टायमर मुळातच लांब चालणारा आहे.

इथे थांबा

पुढचं काही दिसलं तर घरची दुरुस्ती बंद, डॉक्टर.

मोठं घोरणं, मधेच श्वास थांबून गचका देऊन पुन्हा सुरू होणं, सकाळी डोकेदुखी, औषध घेऊनही न उतरणारं बीपी. श्वासनलिका झोपेत मिटत असते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून उठवतो, आणि हे रात्रीत शेकडो वेळा होऊ शकतं. अशा माणसाला झोपेची गोळी किंवा दारू म्हणजे आगीत तेल. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली तपासणी, करून घ्या. झोपताना पायात वळवळ, हलवल्याशिवाय चैन नाही: लोह, विशेषतः फेरिटिन तपासायला सांगा. वजन उतरतंय आणि हात थरथरतात: थायरॉइड. हसता हसता गुडघे गळतात, दिवसा झोपेचे झटके येतात: मेंदूविकारतज्ज्ञ. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने हाच त्रास: आता तो निद्रानाश म्हणूनच तपासायला हवा, त्यावर गोळीशिवायची उपचारपद्धतही आहे. मन खचलंय, जगावंसं वाटत नाही: उद्याची वाट नको, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास लागतो, मराठीतही बोलता येतं.

आणि गोळ्या. शेजाऱ्याची अल्प्राझोलम घेऊ नका. ती गाबाचा जोर वाढवून चेंजओव्हर ढकलते, टाकी-टायमरचा फॉल्ट तसाच राहतो, आणि काही आठवड्यांत तिच्याशिवाय स्विच पडेनासा होतो. महिनोन्‌महिने घेत असाल तर एका दिवसात बंदही करू नका, फिट येऊ शकते. मेडिकलमध्ये ३, ५, १० मिलिग्रॅमच्या मेलाटोनिनच्या गोळ्या मिळतात, पण तिथे डोसापेक्षा वेळ महत्त्वाची. चुकीच्या वेळी घेतली तर टायमर उलटा सरकतो. कधी घ्यायची ते डॉक्टरनाच विचारा.

जाताना वही न्या, चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या न्या (बीपीच्या, दम्याच्या, स्टेरॉइडच्या, यातल्या काही झोप मोडतात), आणि घोरण्याचा व्हिडिओ न्या. आमच्या लिफ्टवाल्याच्या बायकोने तो दोन मिनिटांचा काढला होता. तोवर हा "मी घोरतच नाही" यावर ठाम. व्हिडिओत मधे पंखाच तेवढा ऐकू येतो, मी मोजलं, बावीस सेकंद, आणि मग गचका. स्टडी झाली, नाकाला हवा देणारं सीपॅप मशीन लागलं. महिन्याभराने रात्री अकराला त्याचा फोन आला. म्हटलं आता काय बिघडलं? तर म्हणे, "दादा, लाइट गेली की मशीन बंद पडतं. इन्व्हर्टर कितीचा घेऊ?"